वाचक विचारतात: चौथं शून्य आलं की काय होतं?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एचडीबी-३ नावाचा लाइन कोड, म्हणजे तारेवर ० आणि १ विजेच्या कोणत्या पल्सनी पाठवायचे याचा नियम, आहे. त्यात ओळीने चार शून्यं आली की नियम मोडणारी पल्स मुद्दाम घालतात. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "चूक मुद्दाम का करायची?" मी म्हणाले, "सिंक्रोनायझेशनसाठी." त्यापुढे काही सुचलं नाही. आणि मला खरंच पडलेला प्रश्न असा, की क्लॉकसाठी, म्हणजे कुठला बिट कधी वाचायचा तो ठोका पाठवायला, वेगळी तार टाकली असती तर हे सगळं टळलं नसतं का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तुझं उत्तर बरोबरच होतं, फक्त एका शब्दात संपलं. माझी सगळी नोकरी ट्रान्समिशन रूममध्ये गेली, त्यातली बरीच वर्षं याच लाइनींच्या सोबतीने. त्यामुळे तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. आधी वेगळ्या तारेचं बघू. तो प्रश्न तू नंतर विचारलास, पण पाया तोच आहे.

आपल्याकडची ई-१ ही डिजिटल टेलिफोन लाइन सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट नेते. एका फ्रेममध्ये, म्हणजे बिटांच्या एका ठरावीक गटात, ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकात ८ बिट, आणि अशा ८,००० फ्रेम सेकंदाला. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ४८८ नॅनोसेकंद येतात. तांब्याच्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो. गुणाकार करून बघ. एक बिट केबलमध्ये जवळजवळ १०० मीटर लांब पसरलेला असतो. दोन एक्स्चेंजमध्ये आठ किलोमीटर केबल असेल तर कुठल्याही क्षणी ऐंशीएक बिट वाटेत असतात.

आता क्लॉक शेजारच्या तारांच्या जोडीवरून पाठवला असं धर. एकाच केबलमधल्या सगळ्या जोड्यांना सारखा पीळ नसतो. एका जोडीवरचं बोलणं दुसरीत उतरू नये म्हणून तो कमीजास्त ठेवतात, त्यामुळे तारेची खरी लांबी जोडीगणिक थोडी बदलते. आठ किलोमीटरमध्ये एक टक्का फरक पडला तरी ८० मीटर झाले, म्हणजे पाऊण बिटाहून जास्त. क्लॉक सांगणार "आत्ता वाच", आणि तोपर्यंत बिट निघून गेलेला असणार. पावसाळ्यात जोडी खराब झाली आणि जॉइंटरने दुसरी लावून दिली, की हा फरक पुन्हा नव्याने मोजायचा. शिवाय तांबं दुप्पट लागणार. म्हणून वेळ वेगळी पाठवायची नाही, ती बिटांच्या आतच बांधून पाठवायची असं ठरलं. समोरच्याने आलेल्या पल्सवरूनच ठोका ओळखायचा.

यासाठी मला नेहमी आमची पडवी आठवते. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. दिवाळीच्या आधी घरी पोहे कांडायचे. भिजवलेलं भात भाजून गरम असतानाच उखळात पडायचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काकू, मुसळं दोन आणि उखळ एक. आईचं मुसळ वर गेलं की काकूचं खाली येणार, काकूचं वर गेलं की आईचं. आईचा घाव जड वाजे, काकूचा हलका. मी माजघरात पुस्तक घेऊन बसलेली असे, आणि न बघता मला कळे की आत्ताचा घाव कुणाचा.

एचडीबी-३ ज्यावर उभा आहे, तो एएमआय हा साधा कोड नेमका असाच आहे. १ असेल तर घाव घालायचा, ० असेल तर तो ठोका रिकामा सोडायचा. घाव एकदा धन, एकदा ऋण, असे आळीपाळीने. मधे कितीही ठोके रिकामे गेले तरी पाळी चुकवायची नाही. शेवटचा घाव आईचा होता तर पुढचा काकूचाच.

आळीपाळीमुळे दोन गोष्टी साधतात. धन आणि ऋण एकमेकांना फेडतात, त्यामुळे लाइनवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर दाब, साचत नाही. केबलच्या वाटेत मॅनहोलमध्ये क्षीण झालेला सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवणारे रिजनरेटर बसवलेले असतात, तिथे सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून आत जातो, आणि ट्रान्सफॉर्मर डीसी पुढे जाऊ देत नाही. रिजनरेटरला लागणारी वीजही त्याच तारांवरून डीसी म्हणून पाठवलेली असते. तेव्हा सिग्नलचा आपला डीसी असून चालतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच बाजूचे दोन घाव लागोपाठ ऐकू आले, की वाटेत काहीतरी बिघडलं हे लगेच कळतं. यालाच बायपोलर व्हायोलेशन म्हणतात.

अडचण शून्यांची आहे. आई आणि काकू दोघी थांबल्या, तर माजघरात बसलेल्या मला किती ठोके रिकामे गेले हे कशावरून कळणार? दोन-तीन ठोके मी मनात धरून ठेवीन. पन्नास ठोके शांतता असेल, तर पुढचा घाव एकावन्नावा की बावन्नावा हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तारेवर शांतता असते तेव्हा वेळही थांबलेली असते. डेटात शून्य आलं म्हणून घेणाऱ्याची वेळ चुकणं हे तर अगदीच चालणार नाही, कारण डेटात काय यावं हे आपल्या हातात नसतं.

मग करायचं काय? चौथा ठोकाही रिकामा जाणार असेल तर तिथे एक घाव घालायचा. पण तो खरा १ नाही हे समोरच्याला कळलं पाहिजे. तर तो घाव, ज्या बाजूचा घाव शेवटी पडला होता, त्याच बाजूने घालायचा. आईनंतर पुन्हा आई. असं कधी होत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच तो घाव ऐकताक्षणी मी ओळखते की हा पोह्यांसाठी नाही, ठोका सांगण्यासाठी आहे. मी तो आणि त्याच्या आधीचे तीन ठोके शून्य लिहून घेते. सरांना तू हेच सांग. नियम पक्का असल्यामुळेच तो मोडणं ही एक खूण होऊ शकते. एएमआयमध्ये पाळीचा नियम नसता, तर जास्तीचा घाव आणि खरा घाव वेगळा काढायला काही साधनच उरलं नसतं.

आता यातला बारकावा, जो परीक्षेत हमखास निसटतो. हे घाव नेहमी एकाच बाजूचे पडत गेले तर डीसी पुन्हा साचेल. म्हणून नियम मोडणाऱ्या पल्सही आपसात आळीपाळीने यायला हव्यात. मागच्या व्हायोलेशननंतर आलेल्या पल्स विषम असतील तर चार शून्यांच्या जागी '० ० ० व्ही' जातं, व्ही म्हणजे व्हायोलेशन. सम असतील तर '० ० ० व्ही'ने बाजू बदलत नाही, म्हणून आधी पाळीप्रमाणे एक पल्स घालतात आणि मग व्हायोलेशन, म्हणजे 'बी ० ० व्ही'. स्वतः करून बघ. डेटा घे १, ० ० ० ०, १, १, ० ० ० ०, आणि पहिला १ हीच मागच्या व्हायोलेशननंतरची पहिली पल्स असून ती धन आहे असं धर. लाइनवर जाईल : धन, शून्य, शून्य, शून्य, धन, ऋण, धन, ऋण, शून्य, शून्य, ऋण. तीन धन, तीन ऋण, हिशेब फिटला. आणि ओळीने तीनपेक्षा जास्त शून्यं कुठेच नाहीत. नावातला ३ तो हाच.

कुणी म्हणेल, घेणाऱ्याकडे ठोका धरून ठेवणारा चांगला क्रिस्टल असेल तर चार शून्यांनी असं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे. ई-१ च्या क्लॉकला दहा लाखात ५० इतका फरक चालतो. दोन्ही टोकं उलट्या दिशांना तेवढी चुकली, तरी अर्ध्या बिटाने घसरायला ५,००० बिट, म्हणजे साधारण अडीच मिलिसेकंद लागतील. पण मॅनहोलमधल्या रिजनरेटरमध्ये क्रिस्टल नसायचा. तिथे ऋण पल्स उलटवून धन करत आणि ती मालिका २०४८ किलोहर्ट्झला जुळवलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीला देत. प्रत्येक पल्स म्हणजे देवळातल्या घंटेवर एक टोला. टोला पडला की घंटा आपल्या सुरात घुमत राहते, आणि त्या घुमण्यातून क्लॉक मिळतो. टोले विरळ झाले की नाद विरत जातो. पल्स वाचण्याचा क्षण किंचित सरकतो, आणि पुढच्या रिजनरेटरलाही तोच डेटा मिळत असल्याने त्याचाही क्षण त्याच बाजूला सरकतो. अशा पाच-सहा रिजनरेटरांनंतर ती चूक साचून मोठी होते. ई-१ ची पल्स बिटाच्या निम्म्याच रुंदीची, २४४ नॅनोसेकंदांची ठेवतात त्याचंही कारण इथेच आहे. पूर्ण रुंदीची असती तर लागोपाठचे १ उलटवल्यावर एकमेकांना चिकटून सपाट पट्टी झाली असती, आणि घंटेला टोलाच लागला नसता.

अमेरिकेत १९६२ मध्ये ई-१ सारखीच टी-१ लाइन सुरू झाली तेव्हा तिच्यावर साधा एएमआय होता. शून्यं फार होऊ नयेत म्हणून आठही बिट शून्य असलेल्या बाइटमध्ये एक बिट जबरदस्तीने १ करत. आवाजात ते कानाला जाणवत नाही, पण संगणकाच्या डेटात तो बिट खोटा ठरतो. त्यामुळे तिथे ६४ किलोबिटच्या स्लॉटमधून ५६ किलोबिटच डेटा पाठवायची पद्धत पडली. नंतर त्यांनीही आठ शून्यांच्या जागी व्हायोलेशन घालणारा बी-८-झेड-एस आणला. मला एचडीबी-३ मनापासून आवडतो तो यासाठीच. तो डेटातला एकही बिट खात नाही आणि लाइनचा वेगही वाढवत नाही.

आणि हा धोका पुस्तकातला नाही. १९९० च्या दशकात एका ग्राहकाची डेटा लाइन आम्हाला आठवडाभर छळत होती. छोटे व्यवहार व्यवस्थित जात, पण संध्याकाळी मोठी फाइल निघाली की मधेच लाइन तुटे आणि लगेच परत येई. आम्ही पलीकडून लूप घेऊन, म्हणजे पाठवलेलाच सिग्नल परत आणवून, चुकलेले बिट मोजणारा बिट एरर टेस्टर लावला. रात्रभर चाचणी चालली, सकाळी एरर शून्य. दोनदा असं झालं. तिसऱ्या रात्री माझी पाळी होती. टेस्टरवर आम्ही नेहमी यादृच्छिक बिटांचा पॅटर्न लावत असू, त्यात शून्यांची रांग फार लांब होतच नाही. मी पॅटर्न बदलून सगळी शून्यं लावली. तत्क्षणी सिग्नल गेल्याचा लाल दिवा लागला.

ग्राहकाकडच्या मल्टिप्लेक्सरच्या, म्हणजे अनेक प्रवाह एका लाइनवर घालणाऱ्या यंत्राच्या, कार्डावर पाठवण्याचा आणि घेण्याचा कोड निवडणारा जंपर वेगवेगळा होता. घेण्याचा एचडीबी-३ वर होता, पाठवण्याचा एएमआयवर राहिला होता. त्या संध्याकाळच्या फाइलमध्ये कोऱ्या जागा भरपूर, म्हणजे शून्यांच्या लांबच लांब रांगा. फ्रेमची खूण असलेला पहिला स्लॉट सोडला तर उरलेले २४८ बिट, १२१ मायक्रोसेकंद, तारेवर काहीच नाही. आमचं कार्ड समजे की तार तुटली. करंगळीच्या नखाएवढी प्लास्टिकची टोपी एका पिनेवरून काढून शेजारच्या पिनेवर बसवली आणि लाइन बरी झाली. तेव्हापासून मी शिकाऊ मुलांना सांगत आले, की यादृच्छिक पॅटर्नने पास झालेली लाइन अर्धीच तपासलेली असते. शून्यं लावून बघितल्याशिवाय सही करू नका.

एक गोष्ट राहिली, ती तुला पुस्तकात वेगळ्या प्रकरणात सापडेल. फोनवर माणसं बराच वेळ गप्प असतात, आणि शांततेच्या जवळचे आवाज कोड केले की शून्यंच जास्त येतात. म्हणून आपल्याकडच्या ए-लॉ कोडिंगमध्ये, म्हणजे आवाजाचे बिट करण्याच्या पद्धतीत, आवाजाच्या प्रत्येक बाइटमधला एकाआड एक बिट उलटा करून पाठवतात. पूर्ण शांततेचा १००००००० असा बाइट लाइनवर ११०१०१०१ होऊन जातो. शांततेचा बंदोबस्त असा दोन ठिकाणी केलेला आहे.

प्रश्न : माझा इंटरनेट जोडणीचा व्यवसाय आहे, सगळं फायबरवर. प्रकाशाला धन-ऋण नसतं. मग तिथे क्लॉक कसा टिकतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर आहे, उजेड उणे करता येत नाही. असतो किंवा नसतो. त्यामुळे पाळी मोडण्याची खूण फायबरवर वापरता येत नाही, आणि दोन वेगळ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट म्हणजे प्रत्येक तुकड्याला थोडा मोठा पर्याय ठरवून ठेवणं. आयबीएममधल्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८बी/१०बी कोडमध्ये दर ८ बिटांऐवजी १० बिटांचा एक निवडक गट जातो. गट असे निवडलेत की सारखे बिट ओळीने पाचपेक्षा जास्त येत नाहीत आणि शून्यं-एक यांचा तोलही राहतो. फायबरवरचं गिगाबिट इथरनेट यावर चालतं, म्हणून तुमच्या एक गिगाबिटच्या एसएफपीच्या, म्हणजे फायबर लावायच्या मॉड्यूलच्या, तोंडातून सेकंदाला १२५ कोटी चिन्हं निघतात. १० गिगाबिटला हा पाव हिस्सा जास्तीचा परवडेना. तिथे ६४ बिटांमागे फक्त दोन बिट जोडतात, ०१ किंवा १०. त्यामुळे ६६ बिटांत एक तरी बदल नक्की मिळतो. बाकीचं काम स्क्रॅम्बलरवर सोपवलेलं असतं.

स्क्रॅम्बलर ही दुसरी वाट. डेटा एका ठरलेल्या, यादृच्छिक दिसणाऱ्या क्रमात मिसळायचा आणि पलीकडे त्याच क्रमाने वेगळा काढायचा. एकही बिट वाढत नाही. पण इथे खात्री नसते, फक्त शक्यता कमी असते. एसडीएच या फायबरवरच्या टेलिफोन-जाळ्याच्या मानकातला क्रम १२७ बिटांनी पुन्हा तोच येतो, आणि ही गोष्ट एकदा भोवण्याच्या बेतात आली होती. एसडीएच आणि त्याचं अमेरिकी भावंड सॉनेट यांवर थेट इंटरनेटची पॅकेट जाऊ लागली, तेव्हा लक्षात आलं की कुणी मुद्दाम त्या १२७ बिटांच्या क्रमासारखंच पॅकेट भरून पाठवलं तर मिसळून नेमकी शून्यांची लांब रांग तयार होईल. एक खोडसाळ ग्राहक सगळ्यांची लाइन पाडू शकला असता. म्हणून १९९९ च्या नव्या मानकात पॅकेटसाठी आणखी एक, ४३ बिट मागे बघणारा स्क्रॅम्बलर जोडला. तो कोणत्या स्थितीत आहे हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. शक्यतेच्या भरवशावर उभी असलेली यंत्रणा, समोर दुष्ट हेतूचा माणूस आहे असं धरूनच तपासायला हवी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

घरोघरी जाणाऱ्या तुमच्या जीपॉनच्या फायबरवरही स्क्रॅम्बल केलेला साधा चालू-बंद प्रकाशच असतो. ग्राहकाच्या घरातला डबा येणाऱ्या २.४८८ गिगाबिटच्या प्रवाहातून क्लॉक काढतो आणि त्याच क्लॉकवर आपला डेटा वर पाठवतो. पण वरच्या दिशेला एकेका घराचा डबा थोडा वेळच बोलतो आणि गप्प होतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या पाळीला सुरुवातीला नुसते बदलते बिट पाठवायचे, तेवढ्यात तुमच्या टोकाच्या ओएलटी या यंत्राला त्याचा ठोका सापडतो. आणि फ्रेम अजूनही १२५ मायक्रोसेकंदांचीच आहे, ई-१ ची होती तेवढीच.

प्रश्न : नोकरीत असताना आमच्या दोन कार्यालयांमध्ये फॅक्स चाले. फोनवर बोलणं स्वच्छ, पण फॅक्सच्या पानावर मधेच एखादी पट्टी नासलेली यायची. तंत्रज्ञ म्हणत, "लाइनवर एरर नाहीत." मग ते काय होतं?
— निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा स्लिप. लाइन कोडमुळे घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचा ठोका बिनचूक कळतो, म्हणून तंत्रज्ञांना एरर दिसत नसत. पण घेणाऱ्या एक्स्चेंजचा स्वतःचा ठोका त्याच वेगाचा आहे याची हमी लाइन कोड देत नाही. बिट एका क्लॉकने साठ्यात येतात आणि दुसऱ्या क्लॉकने बाहेर पडतात. एक जलद असेल तर साठा कधीतरी रिकामा होतो किंवा भरून वाहतो, आणि मग एक अख्खी फ्रेम दोनदा जाते किंवा गळून पडते. बोलण्यात १२५ मायक्रोसेकंद गळले तर फार तर 'टक्' होतं. फॅक्सला मात्र ते झेपत नाही.

दोन्ही एक्स्चेंज सीझियमच्या, १०० अब्जात एक इतपतच चुकणाऱ्या क्लॉकवर असतील, तर अशी स्लिप ७२ दिवसांत जेमतेम एकदा होते. तुमच्याकडे बहुधा एक टोक मुख्य क्लॉकपासून सुटून आपल्याच क्रिस्टलवर चाललेलं असावं. जुने फॅक्स जपून ठेवले असतील तर काढून बघा. पट्ट्या साधारण सारख्या अंतराने असतील, जिथे मजकूर दाट आहे तिथे थोड्या जवळ. एका पानाला मिनिटभर लागत होतं आणि पानावर तीन पट्ट्या आहेत असं धरलं, तर दर वीस सेकंदांना एक स्लिप. १२५ मायक्रोसेकंदांना वीस सेकंदांनी भागा. दोन क्लॉकमध्ये दहा लाखात सहाच्या आसपास फरक होता, हे तुम्हाला त्या कागदावरूनच मोजता येईल.